अनुभव : नाही

भाच्याची बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि त्याच रविवारी तो घरी आला. जूनपर्यंत कुठेतरी काम करावे, निदान स्वतःच्या मोबाइलचा आणि पेट्रोलचा खर्च तरी निघावा, असे त्याच्या मनात होते. "मामा, एवढा बायोडाटा बघून द्या," असे म्हणून त्याने फोन माझ्या हातात दिला. बायोडाटा तीन पानांचा होता. त्यात जीवनाचे ध्येय होते, वाचन आणि संगीत हे छंद होते, रक्तगटसुद्धा होता. आणि शेवटच्या पानावर 'अनुभव' या शब्दापुढे दोन टिंबे देऊन 'नाही' असे लिहिलेले होते. मला हसू आले, कारण 2006 साली मी केलेल्या बायोडाटात नेमक्या याच जागी हाच शब्द होता, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो एकाही माणसाने वाचला नव्हता.

त्या वर्षी मार्चमध्ये माझी बारावीची परीक्षा संपली. निकालाला दोन-अडीच महिने होते. वडील एस.टी.त कंडक्टर, बहिणीचे लग्न मे महिन्यात ठरलेले, त्यामुळे घरात कोणी बोलून दाखवले नाही तरी मी नुसता बसून राहणे बरे दिसणार नव्हते. इंजिनिअर असलेल्या चुलतभावाच्या बायोडाटावरून मी माझा बायोडाटा तयार केला, तो टाइप करून घेतला आणि दहा झेरॉक्स काढल्या. मग शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, ऐन लग्नसराईत, सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका कापड दुकानाच्या पायऱ्या चढलो. गादीवर एक अख्खे वऱ्हाड बसले होते, साड्यांचा ढीग पडला होता आणि मालक एका हाताने मीटर धरून दुसऱ्या हाताने नोकराला वरच्या फळीवरचा गठ्ठा दाखवत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी माझ्याकडे न बघताच "नंतर ये" असे सांगितले. मी तो नकार समजलो आणि पुन्हा गेलो नाही. त्यांनी 'नंतर' म्हटले होते, 'नको' म्हटले नव्हते, हे समजायला मला बरीच वर्षे लागली. आज मला कोणी विचारले, तर दुकानात काम मागायला सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारी तीन-साडेतीनला जा, असे सांगतो. त्या वेळी मालकापुढे चहा असतो आणि गिऱ्हाईक नसते.

चार दिवसांत मी नऊ कागद वाटले. एका स्टेशनरीच्या दुकानदाराने माझ्या देखतच माझा बायोडाटा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कोणाच्या तरी बिलाची बेरीज मांडली. त्याचा राग आला होता खरा, पण आता वाटते की त्या कागदाचा त्या दिवसातला सर्वांत चांगला उपयोग तोच झाला.

याच काळात मी दोनशे रुपयेही घालवले. भिंतीवरची जाहिरात पाहून एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात गेलो. घरबसल्या मजकूर टाइप करण्याचे काम होते, पण आधी नोंदणीचे दोनशे आणि मग अनामत पाचशे भरायचे होते. दोनशे भरून पाचशे मागायला घरी आलो, तेव्हा वडिलांनी तिकिटाची पेटी पुसता पुसता एवढेच विचारले, "कामाला जायचं म्हणून आपणच पैसे द्यायचे, हे कुठलं काम?" मी परत गेलो तेव्हा दाराला कुलूप होते. हा धंदा आजही चालू आहे, फक्त तो दुसऱ्या मजल्यावरून फोनमध्ये आला आहे. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला तारे द्या, असे सोपे काम सांगून पहिल्या दिवशी शे-दोनशे रुपये खरोखर जमा करतात आणि नंतर 'मोठे टास्क' म्हणून आपल्याकडूनच हजारो रुपये भरून घेतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे 'तुझे बँक खाते काही दिवस वापरायला दे, कमिशन देतो' असे सांगणारे लोक. त्या खात्यातून दुसऱ्या कोणाच्या तरी फसवणुकीचे पैसे फिरतात, खाते गोठवले जाते आणि पोलीस विद्यार्थ्याच्या दारात येतात. भाच्याला मी हे दोनदा सांगितले. असे काही घडलेच तर लाज न बाळगता ताबडतोब सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवायची, कारण तक्रार जितकी लवकर होईल तितकी पुढे गेलेले पैसे अडवण्याची शक्यता जास्त असते.

मला काम मिळाले ते बायोडाटामुळे नव्हे. आमच्या गल्लीत राहणारे एक काका मार्केट यार्डात तोलाईदार, म्हणजे मालाचे वजन करून देणारे, होते. एका सकाळी नळावर पाणी भरताना त्यांनी मला विचारले, "बेरीज येती का रं?" त्यांच्या ओळखीच्या अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानात, हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींच्या हाताखाली लिहायला पोरगा हवा होता. सांगलीच्या हळदीचा हंगाम तेव्हा भरात होता. शेतात काढलेली, शिजवलेली, वाळवलेली आणि पॉलिश केलेली हळद फेब्रुवारीपासून यार्डात यायला लागते आणि मे महिन्यापर्यंत गाड्यांची रांग हटत नाही. वर्षभर दोघांवर चालणारे दुकान या दिवसांत चौघांनाही आवरत नाही. मी ज्या गणपती पेठेत हिंडत होतो तिथेही सराई होती, पण तिथे गिऱ्हाईक बोलायला लागते, साडी उलगडता आणि घडी घालता यायला लागते. यार्डात त्या महिन्यात फक्त लिहिणारा हात हवा होता. कोणत्या ठिकाणी कोणत्या महिन्यात कामाचा भार वाढतो आणि त्यातले कोणते काम नवख्याच्या हातून होण्यासारखे आहे, एवढे जरी मी मार्चमध्ये बसून विचारपूर्वक ठरवले असते, तरी नऊ झेरॉक्स आणि दोनशे रुपये वाचले असते.

दिवाणजी साठीच्या पुढचे होते, धोतर, काळी टोपी, कानावर बॉलपेन. त्यांनी बायोडाटा मागितला नाही. सतरा पोत्यांच्या वजनांची चिठ्ठी पुढे सरकवली आणि म्हणाले, "कर." मी बेरीज केली. त्यांनी ती खालून वर पुन्हा तपासली आणि मग तीन प्रश्न विचारले. सकाळी आठाला येशील का? सुट्टी किती मागणार? आणि जूनमध्ये कॉलेज लागलं की न सांगता जाणार का? मी म्हणालो, बहिणीच्या लग्नाचे तीन दिवस सुट्टी लागेल, तारीख आजच सांगतो. आणि निकाल लागल्यावर प्रवेशासाठी जावे लागेल, पण आठ दिवस आधी सांगेन. त्यांनी मान हलवली. अनुभवाचा विषय निघालाच नाही. पुढे मी स्वतः माणसे कामाला ठेवू लागलो तेव्हा लक्षात आले की नवख्या मुलाला घेताना मालकाला त्याच्या अज्ञानाची भीती नसते, कारण काम तर तो शिकवणारच असतो. त्याला भीती असते ती ऐन गर्दीच्या दिवशी मुलगा न येण्याची. म्हणून कामावर कधीपासून येणार आणि कधीपर्यंत राहणार, या दोन तारखा आणि मधल्या सुट्ट्या आपणहून सांगणारा मुलगा, त्याला दुसरे काही येत नसले तरी, अर्धी बाजी मारतो. 'मी कायमचा राहीन' असे खोटे सांगून काम मिळवणारा मात्र जूनमध्ये निघून जातो आणि पुढच्या वर्षीच्या पोरांची वाट बंद करतो.

पगार महिना पंधराशे ठरला. काम शेतकऱ्याची पट्टी लिहायचे. गाडी आली की हमाल पोती उतरवतात, लॉट लागतो, व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग आणि कस बघतात, सौदा होतो, मग वजन होते. आणि एकूण वजन गुणिले दर, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडे, घेतली असेल तर उचल (आगाऊ रक्कम), असे वजा करून शेतकऱ्याच्या हाती किती रक्कम पडली ते पट्टीवर लिहून द्यायचे. ऐकायला हे सोपे वाटते. पण सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात चारी बाजूंनी माणसे बोलत असतात, हवेत हळदीची पूड तरंगत असते, नाकाला रुमाल बांधूनही शिंका थांबत नाहीत आणि वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर आपल्याच बोटाचा पिवळा ठसा उमटलेला असतो. पहिल्या दिवशी घरी गेलो तेव्हा आईने पांढऱ्या शर्टाला साबण लावला आणि पिवळे डाग एकदम कुंकवासारखे लाल झाले. ती घाबरली. दुसऱ्या दिवशी दिवाणजींना सांगितले तर ते हसले: "अरे, हळदीला चुना लागला की कुंकूच होतं, साबणातही तसाच खार असतो. उन्हात टाक शर्ट." खरेच, दोन दिवसांच्या उन्हात डाग फिके पडले. तिथून पुढे मी कामाला एकच जुना खाकी शर्ट ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. एका शेतकऱ्याचे वजन 1,048 किलो होते, मी पट्टीवर 1,084 लिहिले. दर क्विंटलला 2,200 रुपये होता, म्हणजे 36 किलोंचे 792 रुपये जास्त गेले. माझ्या निम्म्या पगाराहून अधिक. संध्याकाळी रोजमेळ (दिवसाचा जमाखर्च) बसेना तेव्हा दिवाणजींनी एकेक चिठ्ठी उलटून ती पट्टी शोधून काढली. शेतकरी केव्हाच गावी गेला होता. मला वाटले की आता पगारातून कापणार आणि उद्यापासून येऊ नको म्हणणार. मालकांनी त्या शेतकऱ्याच्या गावी फोन लावला, पुढच्या लॉटच्या पट्टीत रक्कम वळती करायचे ठरले, आणि विषय मिटला. दिवाणजी मात्र मिटवायला तयार नव्हते. त्यांनी मला समोर बसवून सांगितले की यापुढे आकडा लिहिताना तोंडाने मोठ्याने म्हणायचा आणि शेजारी अक्षरीही लिहायचा. "एक हजार अठ्ठेचाळीस" असे मी भर बाजारात ओरडत लिहू लागलो तेव्हा हमाल माझी चेष्टा करायचे. पण समोर बसलेला शेतकरी ते ऐकत असायचा, आणि चूक असली तर तोच जागेवर हटकायचा. आजही चेक लिहिताना माझे ओठ हलतात.

दुपारी बाजार शांत झाला की दिवाणजी गप्पा मारत. आदल्या वर्षीच्या, म्हणजे 2005 च्या महापुराच्या आठवणी ताज्या होत्या. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची जी पेवे होती त्यांत पाणी शिरून किती माल वाया गेला, हे ते हातातली बिडी विझेपर्यंत सांगत राहत. मला त्या वयात या गोष्टी कामाबाहेरच्या वाटायच्या. नंतर कॉलेजात वाणिज्य शिकताना साठा, जोखीम, उधारी, खेळते भांडवल असे शब्द आले, तेव्हा वर्गातल्या बाकीच्या मुलांना व्याख्या पाठ कराव्या लागल्या आणि मला मात्र त्या शब्दांमागे माणसे दिसत होती. (गुण त्यामुळे वाढले असे मात्र नाही.)

हे सगळे ऐकून भाचा म्हणाला, "पण मामा, तुमचा काळ वेगळा होता." तो होताच. म्हणून आम्ही दोघे कागद घेऊन बसलो आणि आजच्या सांगलीत एप्रिल ते जून या काळात भार कुठे वाढतो ते लिहू लागलो. हळद आहेच. बेदाणा आहे: तासगाव आणि सांगलीच्या बाजारात त्याचे सौदे होतात, साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, आणि तो निवडणे, प्रतवारी करणे, पंधरा किलोंच्या बॉक्समध्ये भरणे, शीतगृहात ठेवणे या प्रत्येक टप्प्यावर नोंदी करणारा कोणीतरी लागतो. मंगल कार्यालये आणि केटरर यांना लग्नाच्या तिथींना वाढपी आणि स्वागताला मुले लागतात. पैसे त्याच रात्री मिळतात, पण काम रोजचे नसते. वह्या-पुस्तकांच्या दुकानांत मेच्या शेवटच्या आठवड्यापासून शाळावार सेट बांधायला माणसे पुरत नाहीत, मात्र तिथे मे महिन्यात जाऊन उपयोग नाही, एप्रिलमध्येच सांगून ठेवावे लागते. मिरजेत दवाखाने इतके आहेत की नोंदणीच्या खिडकीवर आणि औषध दुकानांच्या बिलिंगवर सुट्टीतला माणूस हवाच असतो. आणि दहावी-बारावीचे निकाल लागले की ई-सेवा केंद्रांपुढे उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेयर, जातीचा दाखला यांसाठी रांगा लागतात. तिथे मराठीत न चुकता टाइप करणारा आणि चिडलेल्या पालकाशी शांतपणे बोलणारा मुलगा सोन्यासारखा असतो.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे नाव त्याने काढले. 2024 साली सुरू झालेल्या या योजनेत बारावी झालेल्यांना महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरवले गेले. परंतु ती शिक्षण पूर्ण करून कामाच्या शोधात असलेल्यांसाठी आहे, सुट्टीपुरते काम हवे असलेल्या विद्यार्थ्यासाठी नाही. त्यामुळे तो विषय आम्ही पदवीनंतरसाठी ठेवला. कॉलेजात 'कमवा व शिका' योजना आहे का, याची चौकशी मात्र त्याने जूनमध्ये जरूर करावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात श्रम करून शिकण्याची जी रीत घालून दिली, ती आपल्या भागात अजून टिकून आहे. ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे किंवा कार्यालयात नोंदी करण्याचे काम तिथे मिळू शकते, आणि वर्षभर मिळते.

मग आम्ही बायोडाटाकडे वळलो. 'अनुभव : नाही' ही ओळ मी खोडली आणि त्याला विचारले की गणपतीत मंडळाचे पावतीपुस्तक कोणाकडे असते. दोन वर्षे त्याच्याकडेच होते. वर्गणी किती जमली, मांडववाल्याला किती दिले, शिल्लक किती, हे त्याने मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले होते आणि त्यावर भांडण झाले नव्हते. आमच्या भागात मंडळाच्या हिशेबावर भांडण न होणे ही लहान गोष्ट नाही. गल्लीतल्या किमान दहा घरांचे ऑनलाइन फॉर्म त्याने भरून दिले होते. आजोबांना आठवड्यातून दोनदा मिरजेला दवाखान्यात नेण्याचे काम तो वर्षभर करत होता. यातले एकही त्याला 'अनुभव' वाटले नव्हते, कारण त्याचे कोणी पैसे दिले नव्हते. तीन पानांचे एक पान झाले: नाव, पत्ता, फोन, शिक्षण, ही तीन कामे, येणार ती तारीख, जाणार ती तारीख. रक्तगट काढून टाकला. त्याला वाईट वाटले, पण काढला.

पैशांबद्दल तो बोलायला लाजत होता. मीही लाजलो होतो, आणि यार्डात पंधराशे ठरले ते काकांनी मध्ये पडून विचारले म्हणून. दिवसाचे किती, महिन्याचे किती, कधी मिळणार, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, जादा थांबल्यास काय, हे पहिल्याच दिवशी विचारणे उद्धटपणाचे नाही. ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांसाठी राज्याचा 2017 चा कायदा आहे, त्यात आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर सांगितलेला आहे. किमान वेतनही सरकार ठरवते. सगळीकडे ते पाळले जाते असा माझा दावा नाही. पण 'आधी महिनाभर शीक, मग बघू' असे सांगून काउंटरवर पूर्ण वेळ उभे करणाऱ्याकडे राहू नये, हे मी त्याला ठामपणे सांगितले. त्याची धाकटी बहीण दहावीला जाईल, तिलाही आतापासून काम करायचे आहे. तिला सध्या घरीच थांबवले. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, चौदा ते अठरा वयातल्यांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही, आणि खरे सांगायचे तर तिला काम नको आहे, स्वतःचा फोन हवा आहे.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता तो विश्रामबागेतल्या एका ई-सेवा केंद्रात गेला. मालकिणीने त्याला तिथेच खुर्चीवर बसवून एका दाखल्याच्या अर्जातले नाव आणि पत्ता मराठीत टाइप करायला लावले. त्याचा वेग फारसा नव्हता, पण त्याने प्रत्येक शब्द मूळ शिधापत्रिकेशी ताडून पाहिला, एवढे त्या बाईंनी पाहिले असावे. त्याने आपणहून तारखा सांगितल्या. दिवसाला तीनशे रुपये, शनिवारी हातात, रविवारी सुट्टी, असे ठरले. पैशांचे त्यानेच विचारले, फक्त विचारताना पायातली चप्पल दोनदा काढून पुन्हा घातली, असे तो सांगत होता.

सोमवारपासून साडेनऊला जायचे आहे. हजेरी स्वतः लिहून ठेवायला म्हणून माझ्या कपाटातली एक कोरी वही तो घेऊन गेला.